एक टोपलं ढेप

साहेबांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं आणि फोटोग्राफरने नेमका तोच क्षण टिपला. दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या दैनिकात फोटो छापून आला, खाली ठळक ओळ होती : 'मेंढपाळांच्या व्यथा ऐकून अधिकारी गहिवरले'. साहेबांनी कोणाचीही व्यथा ऐकलेली नव्हती. युरियाचं पाणी शिंपडून मी झाकून ठेवलेला सोयाबीनच्या कुटाराचा ढीग त्यांच्या शुभहस्ते उघडला गेला होता, आणि आत कोंडलेला वायू थेट त्यांच्या नाकात शिरला होता.

"फार उग्र वास आहे हो," रुमाल शोधत साहेब म्हणाले.

"प्रथिनांचा, सर," मी म्हणालो.

तेव्हा मी तिशीत होतो आणि असली उत्तरं मला पटकन सुचत. कागलसारख्या उसाच्या मुलखात वाढलेला मी पशुधन विकास अधिकारी म्हणून वाशिम जिल्ह्यातल्या कोळदरीला येऊन उणेपुरे तीन महिने झाले होते. तिथली बोली मला अर्धी कळायची. उरलेल्या अर्ध्या बोलीत काही महत्त्वाचं असेल, असं मला वाटत नसे.

त्या भागात सोयाबीन नुकतंच जोरात आलं होतं. मळणी झाली की देठ-शेंगांचा भुसा उरतो, त्याला तिकडे कुटार म्हणतात. शेताशेतात कुटाराचे ढीग पडायचे आणि लोक ते पेटवून द्यायचे. खात्याला हे बघवलं नाही. 'सोयाबीनच्या उपपदार्थांवर आधारित शास्त्रोक्त मेंढी आहार प्रात्यक्षिक' अशी योजना निघाली. नाव मेंढीपेक्षा लांब होतं. कुटारावर युरियाचं पाणी मारायचं, एकवीस दिवस घट्ट झाकून ठेवायचं, मग उघडून दिवसभर वारा लागू द्यायचा आणि थोडं थोडं खाऊ घालायचं, अशी पद्धत. पद्धत चांगली होती. आजही मी तिला नावं ठेवणार नाही.

प्रात्यक्षिकाला मेंढ्या हव्या होत्या. खिल्लारे मला केवळाबाईकडे घेऊन गेला. खिल्लारे म्हणजे आमच्या दवाखान्यातला ड्रेसर, तिथलाच, वीस वर्षं त्याच दवाखान्यात मुरलेला. केवळाबाई हटकर धनगरांची, साठीच्या आसपासची. नवरा जाऊन दहा वर्षं झाली होती, पन्नास-साठ मेंढरं ती एकटी राखायची. मी तिला समोर बसवून सोयाबीनचं कुटार मेंढ्यांना कसं उपयोगी आहे ते पाऊण तास समजावलं. तिने सगळं ऐकून घेतलं.

"आमची मेंढरं तं खातेतच कुटार," ती म्हणाली. "सोंगणी झाली का वावरात घालतो आमी. त्यात शिकवाचं काय हाय?"

"खातात, पण शास्त्रोक्त पद्धतीनं खात नाहीत," मी म्हणालो.

खिल्लारेने तोंड फिरवून खोकल्यासारखं केलं.

शेवटी ती दहा मेंढ्या द्यायला तयार झाली. दहाही पहिलटकरणी, गाभण. ती एकेकीच्या पाठीवर हात ठेवत होती. "जुन्या समद्या थकल्या आता. म्होरचा कळप ह्याच दहा जनीवर हाय, साहेब. इतलंच ध्यानात ठेवा."

"माझी जबाबदारी," मी म्हणालो. हे दोन शब्द नोकरीत मी नंतर कधीच उच्चारले नाहीत.

ढीग झाकला तो सोमवारी. एकवीस दिवसांनंतरची तारीख मी डायरीत लिहून ठेवली. पण मोठ्या साहेबांना दौऱ्यात मोकळीक होती ती त्याच आठवड्यातल्या शुक्रवारी. मी दबक्या आवाजात एकवीस दिवसांचा विषय काढला, तेव्हा फोनवरून साहेब म्हणाले, "अहो, लोकांना प्रात्यक्षिक दाखवायचंय, लोणचं नाही घालायचं." मग मीही हिशेब केला की ऊन बरं आहे, पाच दिवसांत बरंच काम झालं असेल. नोकरीची परिविक्षा, म्हणजे प्रोबेशन, संपायला दोन महिने उरलेल्या माणसाला असले हिशेब झटकन जमतात.

तर शुक्रवारी सकाळी साहेबांनी ढीग उघडला, रडले, आणि ओलं, वाफाळतं कुटार टोपल्यातून मेंढ्यांपुढे टाकलं. मेंढ्यांनी हुंगलं आणि माना फिरवल्या. मेंढ्यांना फोटोचं काही पडलेलं नव्हतं. फोटोग्राफर म्हणाला, "सर, खाताना पाहिजे." साहेबांनी माझ्याकडे पाहिलं, मी खिल्लारेकडे पाहिलं, आणि आम्ही दोघे साहेब मांडवात चहा-पोह्यांना गेलो. "तेवढ्यात खायला लावा त्यांना, कसंही करून," मी जाता जाता सांगितलं.

पोहे झाले तोवर मेंढ्या खाली मुंड्या घालून बकाबका खात होत्या. फोटो निघाला. साहेबांनी 'सवय लागली की जनावर बरोबर खातं' असं भाषणात सांगितलं आणि समोरच्या वीस-पंचवीस मेंढपाळांनी, सवय असल्यामुळे, टाळ्या वाजवल्या.

भाषण संपायच्या आत पहिली मेंढी थरथरायला लागली.

मी धावत मेंढ्यांच्या वाड्यात गेलो. पाच-सहा जणींच्या तोंडाला फेस होता. पोटं टरारून फुगली होती, पाय काठीसारखे ताठ. एक तर दात खात खात गोल फिरत होती आणि प्रत्येक फेरीला कुडाला धडकत होती. केवळाबाई तिला कवेत धरायला बघत होती.

"काय खाल्लं यांनी?" मी विचारलं.

"तुमचं कुटार. खाईनात म्हून वरून ढेप टाकली."

"ढेप?"

"हो. चांगली कुस्करून टाकली. मंग खाल्लं."

"किती?"

"असंन एक टोपलं."

ढेप म्हटल्यावर माझ्या डोळ्यांसमोर काय आलं असेल ते आमच्याकडच्या कोणालाही विचारा. दर हिवाळ्यात गुऱ्हाळावर ती ओळीने मांडून ठेवलेली बघत मी लहानाचा मोठा झालो. एक टोपलं ढेप दहा मेंढ्यांच्या पोटात! पोटात आंबणार, आम्ल होणार, रक्तात उतरणार. हे सगळं मला तोंडपाठ होतं. परीक्षेत त्या प्रश्नाला मला पैकीच्या पैकी मिळाले होते.

"अहो बाई, डोकं ठिकाणावर आहे का?" साहेब आणि गावकरी वाड्याच्या दारात आले होते, त्यामुळे माझा आवाज जरा जास्तच चढला. "ढेप ही जनावराला घालायची वस्तू आहे? माणसानं खायची वस्तू ती!"

केवळाबाईने मेंढीवरची नजर काढून माझ्याकडे पाहिलं. तिला खरोखर प्रश्न पडलेला दिसत होता.

"मानसं कायले ढेप खातीन, साहेब?"

हे उत्तर मला उद्धट वाटलं. मी खिल्लारेला खाण्याचा सोडा पाण्यात कालवून आणायला सांगितलं. आम्लावर सोडा. यात न समजण्यासारखं काही नव्हतं, तरी खिल्लारे जागचा हलेना.

"सोडा, साहेब? ह्यायले?"

"तुम्ही डॉक्टर आहात का मी?"

तो सोडा घेऊन आला. गोल फिरणारी मेंढी मी स्वतः धरली, जबडा उघडला आणि अख्खी बाटली तिच्या घशात ओतली. साहेब मागून म्हणाले, "शाबास." मेंढीचं अंग एकदा ताणलं गेलं, मान मागे वळली, आणि पाच-सात मिनिटांत ती माझ्या पायाशी मेली. कदाचित ती तशीही गेली असती. गेली सव्वीस वर्षं मी स्वतःला हेच सांगत आलोय, आणि ते खोटंही असेलच असं नाही.

मी दुसरीला हात घातला. तेवढ्यात केवळाबाईने माझं मनगट धरलं. तिच्या दुसऱ्या हातात पितळी तांब्या होता. मी सोड्याच्या मागे होतो तेवढ्यात ती घरात जाऊन चिंच कोळून घेऊन आली होती.

"सोडून द्या तिले," ती म्हणाली.

"चिंच? पोटात आम्ल झालंय आणि तुम्ही वरून चिंच पाजताय? मारून टाकाल!"

"एक तुमी मारली. आता मले पाहू द्या." आवाज चढवायची तिची रीतच नव्हती. "तोंडाचा वास घ्या तिच्या. घ्या एकडाव. मुतारीवानी येते का नाई? मांगं एका वावरात खताच्या ड्रमातलं पानी पेली व्हती मेंढरं. असेच पाय ताठले, असाच फेस. आंबटानंच उतरलं व्हतं."

मी वास घेतला नाही. दारात साहेब उभे होते. सगळ्यांसमोर एका बाईच्या सांगण्यावरून मेंढीच्या तोंडाला नाक लावायचं, हे माझ्या पदाला शोभणारं नव्हतं. मी बाटली पुढे केली. तेव्हा खिल्लारे आमच्या दोघांच्या मध्ये येऊन उकिडवा बसला आणि शाळामास्तर विचारतात तसं शांतपणे विचारलं,

"साहेब, तुमच्या कोल्हापूरकडे ढेप म्हंजे काय असते?"

"ढेप म्हणजे ढेप! गुळाची."

मग दारातला एक म्हातारा मेंढपाळ तोंडावर उपरणं धरून हसू लागला, आणि बाजूच्याने त्याला कोपराने ढोसलं.

"इकडे ढेप म्हंजे पेंड," खिल्लारे म्हणाला. "तेल काढून ऱ्हाते ती. ही सोयाबीनची हाय, गावातल्या घानीवरची. कच्चीच."

माझ्या हातातली बाटली तशीच राहिली. पुस्तकातलं पुढचं पानही मला पाठ होतं, फक्त ते उघडायची वेळ आली नव्हती. कच्च्या, न भाजलेल्या सोयाबीनमध्ये असं एक द्रव्य असतं, की ते युरियाला भेटलं की त्याचा झपाट्याने अमोनिया करतं. सोयाबीन आणि युरिया एकत्र देऊ नये, असं त्या पानावर जाड अक्षरांत छापलं होतं. सोयाबीनच्या कुटारावर युरिया मी मारला होता. एकवीस दिवसांचे पाच मी केले होते. कसंही करून खायला लावा, असं मीच सांगून गेलो होतो. आणि अमोनियाने जळत असलेल्या पोटात वरून सोडा ओतला होता तोही मीच. उतारा म्हणून पुस्तकात सिरका, म्हणजे व्हिनेगर, सांगितला होता. सिरका नसला तर दुसरं काहीही आंबट.

मी बाटली खाली ठेवली. मेंढ्यांची तोंडं उघडून धरली, केवळाबाई तांब्याने चिंचेचं पाणी पाजत गेली, खिल्लारे गार पाणी ओतत राहिला. घरातली चिंच संपली तेव्हा भाषणाला टाळ्या वाजवणारे तेच लोक आपापल्या घरून गोळे घेऊन आले. उन्हं डोक्यावर आली तोपर्यंत एकेक मेंढी ढेकर देऊ लागली. नऊच्या नऊ उभ्या राहिल्या. केवळाबाईने हात धुतले, तांब्या उलटा घालून ठेवला आणि मेलेल्या मेंढीजवळ जाऊन बसली. तिच्या पोटावर हात ठेवून ती बराच वेळ तशीच होती. आत कोकरू होतं.

साहेब जीपमध्ये बसले होते. त्यांनी मला खिडकीशी बोलावलं.

"मेंढी कशानं मेली?"

मी सांगितलं. सगळं सांगितलं, सोड्यासकट. माझ्यात तेवढी लाज अजून शिल्लक होती.

"ते पुस्तकी झालं," साहेब म्हणाले. "कागदावर काय येणार? तुमची परिविक्षा कधी संपते?"

"दोन महिन्यांनी, सर."

"बाईनं आपल्या मनानं काहीतरी खाऊ घातलं, हे खरं आहे ना?"

"ढेप घातली, सर."

"मग तेच लिहा. चार ओळींत आटपा. बाईचा अंगठा घ्या आणि या लगेच. मला संध्याकाळच्या बैठकीला पोचायचंय."

जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून मी चार ओळी लिहिल्या. त्या मला आजही पाठ आहेत. 'सदर पशुपालक महिलेने अज्ञानापोटी, अधिकाऱ्यांच्या परस्पर मेंढ्यांना ढेप खाऊ घातल्याने एक मेंढी दगावली. खात्याने पुरविलेल्या आहाराशी याचा संबंध नाही. अधिकाऱ्यांच्या तत्पर उपचारामुळे उर्वरित नऊ मेंढ्या वाचल्या. वरील मजकूर मला वाचून दाखविला असून तो मान्य आहे.'

कागद आणि शाईचा पॅड घेऊन मी वाड्यात गेलो. ती अजून तिथेच बसली होती.

"काय लिव्हलं?" तिने विचारलं. "वाचा."

मी कागद डोळ्यांपुढे धरला. आणि त्यातला एकही शब्द माझ्या तोंडातून येईना. समोर ती मेंढी पडलेली. मी वाचायला सुरुवात केली : ढीग एकवीस दिवसांऐवजी पाच दिवसांत उघडला ही अधिकाऱ्याची चूक. कुटार मेंढ्या खात नव्हत्या, तरी त्यांना ते खायला लावलं ही अधिकाऱ्याची चूक. अधिकाऱ्याला ढेप या शब्दाचा अर्थ माहीत नव्हता. त्याने बाईचं ऐकलं नाही, उलटा उपाय केला आणि त्यात एक गाभण मेंढी गेली. उरलेल्या नऊ मेंढ्या केवळाबाईंनी आपल्या अकलेने वाचवल्या. मी बराच वेळ वाचत होतो.

केवळाबाई माझ्या तोंडाकडे बघत होती, मग कागदाकडे, मग परत तोंडाकडे.

"बराबर हाय," ती म्हणाली. "अंगठा कुठी लावू?"

मी जागा दाखवली. तिने अंगठा लावला आणि बोट पदराला पुसलं.

माझी परिविक्षा वेळेवर संपली. अहवाल वरच्या कचेरीत गेला आणि तिथे तो माझ्यासारख्याच कोणा उसाच्या मुलखातल्या हुशार माणसाच्या टेबलावर पडला असावा, कारण वर्षाच्या आत सगळ्या दवाखान्यांना परिपत्रक आलं : 'मेंढ्यांना कोणत्याही परिस्थितीत गूळ खाऊ घालू नये.' खिल्लारेने ते वाचलं, भिंतीला चिकटवलं, आणि त्या दिवशी त्याने मला दोनदा चहा विचारला. मेंढपाळ यायचे, कोणाकडून तरी ते वाचून घ्यायचे, आणि सरकार मेंढ्यांच्या गुळावर का रागावलंय याचा विचार करत घरी जायचे.

पुढे मेंढपाळांची प्रशिक्षणं सुरू झाली. व्याख्यानाला एक जिवंत उदाहरण पाहिजे, अशी सूचना होती. कागदोपत्री उदाहरण तयारच होतं. "कोळदरीच्या एका बाईनं अज्ञानापोटी मेंढ्यांना गूळ घातला," असं मी सुरू करायचो, लोक हसायचे, आणि वातावरण मोकळं व्हायचं. पहिल्या वेळी मला कसंतरी झालं. चौथ्या-पाचव्या वेळेपासून मी त्यात हातवारे घालू लागलो.

तीन वर्षांनी शेजारच्या गावात असंच प्रशिक्षण होतं. समाजमंदिर भरलेलं. गुळाच्या गोष्टीवर हशा पिकला आणि त्या हशाच्या पलीकडे, शेवटच्या रांगेत, भिंतीला टेकून बसलेली केवळाबाई मला दिसली. ती हसत नव्हती. मला थांबता आलं असतं. पण गोष्ट निम्म्यावर आली होती, त्यामुळे मी ती पूर्ण केली.

चहाच्या सुट्टीत ती माझ्यापाशी आली. मी घाईघाईने विचारलं, "मेंढ्या कशा आहेत? नऊ जणी?"

"त्या नवायच्या चाळीस झाल्या," ती म्हणाली. "साहेब, त्या दिवशीचा कागद चार ओळीचा व्हता. मले वाचता येत नाई, पन ओळी तं मोजता येतेत. चार ओळी अन् तुमी इतला येळ वाचलं."

मी कप बशीत ठेवला.

"तवाच समजली मी, कागदावर दुसरंच हाय. पन मनात म्हनलं, मानूस निदान तोंडानं तरी खरं बोलला. म्हून लावला अंगठा." तिने डोक्यावरचा पदर सारखा केला. "आज तं तोंडबी फिरलं तुमचं."

एवढं बोलून ती गेली. तिला उन्हाच्या आत मेंढरांकडे पोचायचं होतं.

सुट्टीनंतरच्या सत्राचा विषय होता, विषबाधेवर घरगुती उपाय. मी चिंचेच्या पाण्याबद्दल सांगितलं. किती चिंच, किती पाणी, मेंढीची मान कशी धरायची, सगळं नीट सांगितलं. पुढच्या रांगेतल्या एका मेंढपाळाने हात वर केला.

"लय कामाचं हाय, साहेब. कोनं शिकवलं हे तुमाले?"

मी शेवटच्या रांगेकडे पाहिलं. ती जागा रिकामी होती.

"पुस्तकात आहे," मी म्हणालो.